होडी वैशाखातल्या पाण्यावर पारखावी

होडी घ्यायला निघालायस, तर बाळा, मामाचं एक ऐकून जा. होडी भाद्रपदातलं पाणी बघून घेऊ नये, वैशाखातलं पाणी डोळ्यांपुढं ठेवून घ्यावी. भाद्रपदात माकणीचं धरण तुडुंब असलं की कुठलीही होडी चांगलीच दिसते. वैशाखात तेच पाणी भिंतीकडं सरकतं, मागं उरतो गाळ, आणि त्या गाळावरून होडी ओढत न्यावी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असल्या मुलखात आपण जाळं टाकतो. आपलं माकणीचं निम्न तेरणा घे नाहीतर परंड्याकडचं सीना-कोळेगाव, एकाच धरणात दोन पाणी असतात: काठाचं गुडघाभर, आणि भिंतीकडचं बांबू न टेकणारं. दोन होड्या घ्यायची ऐपत आपल्याकडं कुणाची नाही. म्हणून दोन्हीकडं चालेल अशी एकच घे.

तळ सपाट, पण नाळ उचललेली. सपाट तळाची होडी वीतभर पाण्यातही तरंगते, बोटुकली सोडायला आणि काठाचं जाळं काढायला तीच कामाची. पण नुसता सपाट तळ खोल पाण्यात दगा देतो. वारा सुटला की लाट तळावर थापा मारते आणि होडी आडवी वाहत जाते. म्हणून पुढची नाळ चांगली उचललेली बघ, आणि तळाच्या मधोमध दोन-तीन बोटं उंचीची पट्टी लांबवर गेलेली बघ. ती पट्टी होडीला सरळ धरते, आणि दगडावरून ओढताना घासही तीच सोसते. दोघांच्या कामाला चौदा-पंधरा फूट लांबी आणि साडेचार फूट रुंदी पुष्कळ झाली.

स्वस्तातल्या कोकणी होडीला भुलू नकोस. मालवण-देवगडकडची जुनी होडी कमी पैशात मिळतेय, असं कुणीतरी सांगेल. ती होडी वाईट नसते, ती समुद्रासाठी घडवलेली असते. लाट कापायला तिचा तळ खोल आणि निमुळता, अंगानं जड, आणि काहींना कलंडू नये म्हणून बाजूला उलांडी बांधलेली. आपल्याकडं तो तळ गाळात रुततो आणि उलांडी बुडालेल्या बाभळीत अडकते. आणखी एक ध्यानात ठेव. खारं पाणी जड असतं, ते होडीला जास्त उचलतं. समुद्राचं हजार लिटर पाणी साधारण १,०२५ किलो भरतं, आपल्या धरणाचं १,००० किलो. तेवढ्याच ओझ्याला तीच होडी इथं थोडी जास्त बुडते. विकणारा तिकडचा भार सांगेल, तो इथं जसाच्या तसा धरू नकोस.

काठ रिकाम्या होडीचा मोजू नये. दोन माणसं, ओलं जाळं आणि भरलेले कॅरेट ठेव, मग पाण्याच्या वर काठ किती राहतो ते बघ. चांगला वीतभर राहिला पाहिजे. मग दोघंही एकाच बाजूला उभे राहून जाळं ओढतोय तसे वाका. खरं संकट तिथंच असतं. जाळं वर येताना होडी आधीच त्या बाजूला कललेली असते, तेवढ्यात सहा-सात किलोचा कटला फडफडतो, हातातलं जाळं सुटू नये म्हणून दोघंही आणखी पुढं झुकतात, आणि काठावरून पाणी आत येतं. वाकून उभं राहिल्यावर पाणी काठापासून चार बोटांवर आलं, तर ती होडी सोडून दे.

लाकूड की फायबर? लाकडाची होडी पाण्यात राहिली तर वर्षानुवर्षं टिकते. पण आपली होडी उन्हाळ्यात कोरड्या काठावर पडून राहते. फळ्या आकसतात, सांधे उघडतात आणि पावसाळ्यात पहिल्या दिवशीच पाणी झिरपतं. म्हणून इथं फायबरच बरं. घेताना बोटाच्या पेरानं सगळीकडं टिचकी मारत जा. जिथं आवाज बद्द येतो तिथं आतले थर सुटलेले असतात. रंग नसलेल्या जागी आतून उन्हाकडं बघ, जिथं जास्त उजेड दिसेल तिथं अंग पातळ आहे. तळ आणि बाजू जुळतात त्या कोपऱ्यात फायबरची मॅट दुहेरी हवी, कारण बाभळीचा बुंधा तिथंच लागतो. मॅट, रेझिन आणि हार्डनर वापरून भोक बुजवायला स्वतः शिक, म्हणजे हंगामात कारागिराची वाट बघावी लागणार नाही. दोन्ही टोकांना हवाबंद पेट्या आहेत का ते विचार. नुसतं विचारू नकोस, काठालगत होडी पाण्यानं भरून बघ. भरूनही तरंगली तरच ती खरी.

इंजिन नंतर, वल्हं आधी. उथळात शेवाळ आणि जुन्या कुंपणाची तार पंख्यात गुंतते. इंजिन लावलंच तर वर उचलता येणारं लाव, आणि मागची फळी ते वजन पेलणारी आहे का ते आधी बघ. वल्ह्यावर हलकी न चालणारी होडी घेऊ नकोस. इंजिन बंद पडल्यावर हातानंच परत यायचं असतं.

होडीच्या जिवावर वाऱ्याशी पैज नको. २१ मे २०२४ ला उजनीच्या पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी होडी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. धरणाच्या पाण्याला समुद्रासारखी लाट येत नाही, हा समज मनातून काढून टाक. वैशाखात दुपारनंतर ढग काळवंडले की जाळं तिथंच सोड आणि काठ गाठ. जाळं उद्याही काढता येतं. थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा ट्रकच्या ट्यूबवर पोट भरणारे आपलेच लोक आहेत, त्यांनाही हे सांग. होडीच्या पैशातच दोन लाइफ जॅकेट धर, आणि ती पेटीत ठेवू नकोस, अंगावर घाल.

पैशाचं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के, इतरांना ४० टक्के अनुदानाची तरतूद आहे. धाराशिवच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी जा, सध्या काय चालू आहे आणि कागद कोणते लागतात ते विचार, सूनबाईच्या नावानं अर्ज बसतो का तेही बघ. मंजुरी हातात येईपर्यंत खरेदीची घाई करू नकोस.

आणि सौदा ठरवायच्या आधी शेवटची परीक्षा. तू एका टोकाला, तुझा जोडीदार दुसऱ्या टोकाला, होडी उचला आणि शंभर पावलं चाला. सपाट रस्त्यावर नाही, काठाच्या चिखलात. मध्येच टेकवावी लागली तर ती होडी कितीही देखणी असो, वैशाखात तुमच्या कामाची नाही. शंभर पावलं नेता आली, तर पैसे मोज.