ती एकटी आहे का, हे आधी विचारा

आमच्या भागात सासुरवाशिणीला मारहाण झाली की तिची पहिली वाट माहेरची. पोलीस, वकील, अर्ज हे सगळं फार नंतरचं. पिशवीत दोन लुगडी टाकायची, लेकरू काखोटीला मारायचं आणि एसटीचा फाटा गाठायचा, एवढ्याच आधारावर आमच्या आज्या-पणज्यांनी दिवस काढले. २०२० च्या मार्चमध्ये ती एसटी थांबली. २५ मार्चपासून कोरोनाची टाळेबंदी लागली, जिल्ह्याच्या हद्दीवर नाके बसले, आणि कितीतरी गावांनी वेशीवर काट्या टाकून बाहेरच्या माणसाला मज्जाव केला. २६ एप्रिलला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. मलकापूर, नांदुरा, मोताळा या बुलढाणा जिल्ह्याच्या घाटाखालच्या पट्ट्यात आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, चार दिवस पोटभर झोपतात आणि आईजवळ सासरचं खरं काय ते बोलतात. त्या वर्षी लेकी आल्या नाहीत. दरवर्षी आईच्या कानावर जाणारं ते सगळं त्या साली मारणाऱ्याच्याच घरात राहिलं.

मी तेव्हा बचत गटांची सहयोगिनी होते. घाटाखालची काही गावं आणि घाटावरची थोडी माझ्याकडे होती. गटाच्या बैठका बंद झाल्यामुळे सगळं काम फोनवर आलं, आणि हप्त्याची विचारपूस करता करता बायांच्या आवाजातला फरक ऐकू यायला लागला. सुरतेहून, पुण्याहून काम सुटून परतलेले नवरे दिवसभर घरात होते. हातात पैसा नव्हता, दुकानं बंद असल्यानं हातभट्टीची महाग झाली होती, आणि या सगळ्याचा राग एकाच जागी निघत होता. पण एक सांगते. दारू आणि बेकारी ही कारणं म्हणून मी मानत नाही. त्याच गावात तितकेच बेकार असलेले कितीतरी पुरुष बायकोला बोटही लावत नव्हते. मारणारा आधीपासूनच मारत होता. टाळेबंदीनं त्याला दिवसाचे चोवीस तास दिले आणि तिची पळवाट काढून घेतली.

राष्ट्रीय महिला आयोगाकडे २३ मार्च ते १६ एप्रिल २०२० या काळात ५८७ तक्रारी आल्या, त्यांतल्या २३९ घरगुती हिंसाचाराच्या होत्या. आयोगानं १० एप्रिलला व्हॉट्सॲपचा नंबरही जाहीर केला. पण ज्या घरात एकच मोबाइल आहे आणि तो नवऱ्याच्या खिशात आहे, त्या घरातली बाई या आकड्यांत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली नव्हती आणि कोणाला सांगितलंही नव्हतं. मदत करायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकानं हा आकडा लक्षात ठेवावा. आपल्याला जी बाई बोलते, ती बोलण्याआधी फार मोठं धाडस करून आलेली असते.

म्हणून फोन लागला की पहिला प्रश्न ‘काय झालं?’ हा नसावा. पहिला प्रश्न ‘एकटी आहेस का?’ हा असावा, आणि तोही असा विचारावा की शेजारी बसलेल्याला काही कळू नये. आमच्यात ते हप्त्यावरून जमलं. “वहिनी, या महिन्याचा हप्ता भरला का?” असं मी विचारायची. “भरला” म्हणजे बोलता येतं. “ताई, अजून भराचा हाय, ते इथंच बसेल हायेत,” असं उत्तर आलं की मी पासबुकाची दोन वाक्यं बोलून फोन ठेवायची. पुढचा फोन तिनं करायचा, मी नाही. हा नियम मोडू नका. आपण काळजीपोटी चार वेळा फोन लावतो, आणि त्या चार मिस्ड कॉलचा जाब तिला द्यावा लागतो. मेसेज तर मुळीच पाठवू नका. तिनं स्वतः मागितलाच, तर वाचून लगेच पुसायला सांगा. फोन त्यानं उचलला तर गटाचा हिशेब बोला, रेशनचं बोला, आवाज घाबरू देऊ नका.

फोन नसलेल्या बाईची बाहेर पडायची ठिकाणं त्या काळातही होती, फक्त ती शोधावी लागली. रेशनचं दुकान सुरू होतं. एप्रिल, मे, जून असे तीन महिने महिलांच्या जनधन खात्यात पाचशे-पाचशे रुपये आले, तेव्हा बँकेपुढे बायांच्याच रांगा लागल्या. शेतीची कामं बंद नव्हती. गव्हाच्या सोंगणीला आणि पुढे निंदणाला बाया एकत्र जातच होत्या. आशाताई घरोघर तापाची विचारपूस करत फिरत होत्या. एका आशाताईनं दारात नवरा उभा असताना घरातलं काही विचारलं नाही. “लेकराचं वजन घ्यायचं राहिलं, उद्या अंगणवाडीत घेऊन या,” एवढंच म्हणाली. त्या बाईशी पहिल्यांदा मोकळं बोलणं झालं ते वजनकाट्यापाशी. आज टाळेबंदी नाही, पण सासूच्या आणि दिराच्या पहाऱ्यात राहणाऱ्या बाया आजही आहेत, आणि त्यांच्यासाठी हीच ठिकाणं आहेत.

आता जे बिघडताना पाहिलं ते सांगते. एका गावात शेजारच्या पोरांना एका बाईचं रात्रीचं रडणं ऐकवेना. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांनी त्या घराचा पत्ता आणि तिचं नाव गावाच्या व्हॉट्सॲप गटात टाकलं, पोलिसांनाही कळवलं. पोलीस आले, नवऱ्याला चार शब्द सुनावले आणि निघून गेले. तिला कोणी विचारलं नव्हतं, तिची निघायची तयारी नव्हती, आणि तिला न्यायला कोणी आलंही नव्हतं. गाडी वळली आणि त्यानं दाराला आतून कडी लावली. पुढे कितीतरी दिवस ती पाण्यालाही बाहेर दिसली नाही. जीवावर बेतलं असेल तर पोलिसांना बोलवायचंच. तेव्हा १०० होता, आता ११२ आहे. पण बोलावताना पोलीस गेल्यावर ती रात्र कुठे काढणार, हे ठरलेलं असावं. ओळखीचं एक घर, किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं सखी वन स्टॉप सेंटर, जिथं थोडे दिवस राहायची सोय, समुपदेशन आणि कायद्याची मदत एकाच छताखाली मिळते. १८१ ही महिलांची हेल्पलाइन तिथपर्यंत जोडून देते.

तयारी म्हणजे काय, तेही नीट समजून घ्या. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, लेकरांचे जन्मदाखले, दवाखान्याचे कागद: यांच्या प्रती विश्वासातल्या एका बाईकडे आधीच ठेवाव्यात. मूळ कागद एकदम गायब झाले तर त्याच्या लक्षात येतं. दोन नंबर पाठ करून घ्यावेत, कारण मोबाइल आधी तोच हिसकावतो. मारहाण वाढायला लागली की चूल, विळा, पाटा-वरवंटा यांच्याजवळ न थांबता दाराकडे सरकायचं, हे साधं वाटतं, पण बायकांशी बोलताना मी ते पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. आणि शेजारणीशी एक खूण ठरवावी. ओट्यावर उलटी घातलेली बादली दिसली की तिनं उसनं काही मागायला यायचं. त्या एका दार वाजवण्यानं कितीतरी वेळा हात थांबतो.

कायद्याबद्दल गावात सगळ्यात मोठा गैरसमज असा की तक्रार केली म्हणजे नवरा जेलात आणि बाई रस्त्यावर. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा बाईला मुख्यतः संरक्षण देतो. त्यात मारू नये म्हणून आदेश मिळतो, खर्च मिळतो, लेकरांचा ताबा मिळतो, आणि घरात राहायचा हक्क मिळतो. आई, बहीण, मुलगी, विधवा सून यांनाही तो लागू आहे. अर्ज संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो, आणि तातडी असेल तर कोर्ट समोरच्याला ऐकण्याआधीही अंतरिम आदेश देऊ शकतं. शेजाऱ्यानं प्रामाणिकपणे खबर दिली तर त्याच्यावर खटला होत नाही, हेही याच कायद्यात लिहिलेलं आहे. ‘घर तर सासऱ्याच्या नावावर आहे’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं. याच महामारीत, १५ ऑक्टोबर २०२० ला, सर्वोच्च न्यायालयानं सतीशचंदर आहुजा यांच्या खटल्यात सांगितलं की ती जिथं नांदली ते घर सासरच्यांच्या मालकीचं असलं तरी तिचा राहण्याचा हक्क त्यामुळे आपोआप जात नाही.

एप्रिल २०२० मध्ये पुणे जिल्हा परिषदेनं एक वेगळं पाऊल उचललं. समजावूनही जो पुरुष घरात मारहाण करील त्याला संस्थात्मक विलगीकरणात पाठवायचं, असं जाहीर केलं. मला तो निर्णय मनापासून आवडला. मारणारा घरी परत येणार ही भीती उरतेच, हे मला ठाऊक आहे. तरी निघायचं ते मारणाऱ्यानं, ही गोष्ट एका सरकारी कार्यालयानं इतकी सरळ सांगितली. आपण गावात मात्र बाईलाच विचारतो, “मग तू कुठं जाशील?” कायद्यात त्याला घराबाहेर काढायचा आदेशही आहे. तो मागायला तिला सांगा.

लैंगिक अत्याचाराबद्दल आमच्याकडे सगळ्यात कमी बोललं जातं. नवऱ्यानं केलेली जबरदस्ती सज्ञान पत्नीच्या बाबतीत आपला फौजदारी कायदा बलात्कार मानत नाही, पण कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. त्यासाठी संरक्षण मागता येतं. बाई ते थेट सांगत नाही. “रात्रीची भीती वाटते,” एवढंच म्हणते. तेवढ्यावर थांबा, तपशील उकरू नका.

मुलींचं आणखी कठीण. शाळा बंद झाली आणि तिच्यातला बदल हेरणारी शिक्षिकाच नाहीशी झाली. एका प्रकरणात नात्यातल्याच माणसानं अत्याचार केला होता. मला कळलं तोवर घरच्यांनी कपडे धुऊन टाकले होते, पोरीला अंघोळ घातली होती आणि गावातली चार मोठी माणसं ‘आपसात मिटवू’ म्हणून बसली होती. कोणाच्याही समितीला हा गुन्हा मिटवायचा अधिकार नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीवरचा अत्याचार माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच पोक्सो कायद्यानं गुन्हा आहे. तिथं घरच्यांची इच्छा विचारत बसायचं नाही. १०९८ वर किंवा पोलिसांत कळवायचं. कपडे न धुता कागदाच्या पिशवीत ठेवायचे, प्लास्टिकच्या नाही. पण कपडे धुतले, अंघोळ झाली, दोन दिवस गेले म्हणून दवाखाना टाळू नका. एचआयव्हीपासून बचावाचं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत घेता येते, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. दवाखान्यानं, खासगी असला तरी, उपचार मोफत द्यायचे असतात, आणि ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून तपासणी नाकारता येत नाही. टाळेबंदीत दवाखाने कोरोनासाठी घेतलेत म्हणून लोक गेलेच नाहीत. पोलीस ठाण्यात हद्दीचा प्रश्न काढला तर ‘झिरो एफआयआर’ नोंदवा म्हणा. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा. आणि तिचं नाव, गावाचं नाव, शाळेचं नाव कुठंही लिहायचं नाही. नुकसानभरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे.

घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर काढू नये, असं मला आजही ऐकवतात. १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पुरुषांच्या वागण्याचा जाहीर हिशेब मांडणाऱ्या ताराबाई शिंदे याच बुलढाण्याच्या. उंबऱ्याबाहेर बोलण्याची परंपरा आपल्या जिल्ह्याला आहे आणि मला तिचा अभिमान वाटतो.

मदत करणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते तिचं परत जाणं. अर्ज लिहून झालेला असतो आणि ती म्हणते, “लेकरांपाई जातो ताई.” चिडू नका, ‘एवढं केलं तुझ्यासाठी’ असं तोंडातून काढू नका. तिचे कागद सांभाळून ठेवा, ठरलेली खूण तशीच राहू द्या. ती पुन्हा येईल तेव्हा नव्यानं सगळं विचारू नका. अर्ज कोर्टात गेला असेल तर पुढची तारीख लिहून ठेवा. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, १५१०० वर विचारता येतं. तारखेला तिच्यासोबत कोण जाणार ते आठवडाभर आधी ठरवा, आणि त्या दिवशीची तिची मजुरी बुडणार असेल तर ती गटातून भरून द्या.