दुसऱ्या खेपेला जास्त जपा

"दुसरं आहे, आता तुला काय सांगायचं!" हे वाक्य मी सासरी ऐकलं, माहेरी ऐकलं, पेणच्या बाजारात भाजी घेताना ऐकलं आणि दवाखान्याच्या बाकावर नंबर येण्याची वाट बघतानाही ऐकलं. म्हणणाऱ्या बायका मायेच्याच होत्या. पण त्या वाक्याने माझ्या पोटातल्या बाळाकडचं घराचं लक्ष हळूहळू निघून गेलं. पहिल्या वेळी जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाय सुजलेत का, असं दिवसातून चार जण विचारायचे. दुसऱ्या वेळी तेच चार जण म्हणायचे, तिला सगळं माहीत आहे. माहीत होतं हे खरं, पण माहीत असल्याने रक्त वाढत नाही. ज्या घरात दुसऱ्यांदा पाळणा हलणार आहे, त्या घरातल्या सगळ्यांनी हे वाचावं. नवऱ्याने तर नक्कीच.

माझं माहेर रोह्याचं. वडील धाटावच्या कंपनीतून निवृत्त झालेले. सासर पेणचं, घरचा गणपतीचा कारखाना. आपल्याकडची रीत अशी की पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. त्याप्रमाणे आमची मोठी रोह्यात झाली आणि दुसऱ्या वेळी पेणलाच राहायचं ठरलं. मोठीची बालवाडी सुरू झाली होती, तेव्हा ते सोयीचंही होतं. या रितीत एक अडचण मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. पहिल्या बाळंतपणाचे सगळे कागद माहेरी पडून राहतात.

माझा रक्तगट निगेटिव्ह आहे, नवऱ्याचा पॉझिटिव्ह. पेणच्या डॉक्टरबाईंनी पहिल्याच तपासणीला विचारलं, मोठीच्या वेळी बाळंतपणानंतर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं होतं का? मला आठवेना. बाळंतपणाच्या त्या रात्री किती सुया टोचल्या याचा हिशोब कोणती बाई ठेवते? आईने रोह्याच्या घरातली ट्रंक उपसली, फाईल सापडली आणि दिव्याला जाणाऱ्या मेमूने ओळखीच्या माणसाबरोबर पेणला आली. इंजेक्शनची नोंद त्यात होती. बाईंचा चेहरा सैलावला तेव्हा कुठे मी त्यांना कारण विचारलं. आई निगेटिव्ह आणि पहिलं मूल पॉझिटिव्ह असेल, तर बाळंतपणात मुलाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि तिचं शरीर त्याच्याविरुद्ध लढणारी प्रतिद्रव्यं तयार करतं. पहिलं मूल तोवर जन्मलेलं असतं, ते सुटतं. दुसरं मूलही पॉझिटिव्ह असेल तर ही प्रतिद्रव्यं वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्याच्या रक्तपेशी मोडतात. बाळाला पोटातच रक्तक्षय होतो किंवा जन्मल्यावर तीव्र कावीळ होते. हे टाळण्यासाठी बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत ते इंजेक्शन द्यावं लागतं आणि पुढच्या खेपेला 28व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. गर्भपात झाला असला तरीही ते लागू शकतं.

म्हणून दिवस राहिल्याचं कळलं की पहिल्या बाळंतपणाची फाईल आणि माता-बाल संरक्षण कार्ड आधी हातात घ्या. धनुर्वाताच्या लशीचंही तसंच. पहिल्या वेळी दोन डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील, तर टीडीचा एकच बूस्टर पुरतो. पण ते ठरवायला मागची तारीख लागते, आणि ती कार्डावरच असते.

आता रक्ताबद्दल. माझं हिमोग्लोबिन सातव्या महिन्यात साडेआठ निघालं. गरोदरपणात ते 11च्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात आणि 7च्या खाली गेलं तर तो गंभीर. पहिल्या वेळी माझं कधी असं झालं नव्हतं, म्हणून कोणाला शंकाच आली नाही. मी जिना चढताना दम खायचे, तर घरात म्हणत, मोठीच्या मागे धावते म्हणून दमते. तेही खोटं नव्हतं. पण पहिलं बाळंतपण, त्यानंतरचं अंगावर पाजणं, तीन-चार वर्षांची अपुरी झोप आणि सगळ्यांना वाढून उरलेलं जेवण, यात अंगातला लोहाचा साठा आधीच रिता झालेला असतो. दुसरं मूल त्या रित्या साठ्यातूनच आपला वाटा घेतं. म्हणून तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की एका मुलाच्या जन्मानंतर पुन्हा दिवस राहण्यापूर्वी निदान 24 महिने जाऊ द्यावेत.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे फुकट मिळतात. गरोदरपणी रोज एक अशा 180, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180. आमच्याकडे गोळ्या घरात होत्या, घेतल्याही जात होत्या, पण सकाळच्या चहाबरोबर. चहामुळे लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमची गोळीही त्याच वेळी घेतली तर लोहाचा उपयोग कमी होतो. लोहाची गोळी जेवणानंतर तासाभराने लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळी, एवढा बदल केला. शी काळी होते, पोट गच्च होतं, मळमळतं, त्यामुळे पुष्कळ बायका गोळ्या गुपचूप सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना सांगा, दुसरी गोळी देतात. मला पुढे शिरेतून लोहाची इंजेक्शनंही घ्यावी लागली. आपल्या पेण-रोह्याच्या ताटात तांदळाची भाकरी आणि भात जास्त. त्याच्या जोडीला वालाचं बिरडं, पालेभाजी, सुकट-जवळा, अंडं, नाचणी रोज काहीतरी हवं. नुसत्या ताटाने मात्र साडेआठाचे अकरा होत नाहीत, गोळी लागतेच.

पेणमध्ये राहणाऱ्या बायकांसाठी एक गोष्ट वेगळी लिहायला हवी. इथे, हमरापूर-जोह्याकडे, घरोघरी मूर्ती होतात आणि रंगकामात, घासकामात बायका असतातच. परदेशी जाणारा माल उन्हाळ्यातच निघतो आणि मग गणपतीपर्यंत हात थांबत नाहीत. मी डोळ्यांची आखणी करते. ते काम बसून, जलरंगात, मोकळ्या जागी करता येतं. पण स्प्रे गनची खोली, थिनर आणि ऑईलपेंटचा वास, पॉलिश पेपर मारताना उडणारी पीओपीची धूळ यांपासून गरोदर बाईने पूर्ण लांब राहायला हवं. काही रंगांत शिसं असतं आणि ते वारेतून बाळापर्यंत पोचतं. मोठं मूल तर रंगाचे हात तोंडात घालतं, त्यालाही त्या खोलीत जाऊ देऊ नका. ऐन सीझनला दोन हात कमी पडतात हे मला ठाऊक आहे. त्या दोन हातांची सोय घराने आधी करावी, मजुरी देऊन करावी. सासऱ्यांनी ती केली, आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मोठ्या मुलाबद्दल लोक फार निष्काळजीपणे बोलतात. "आता बाळ येणार, तुला कोण विचारणार?" येणारा-जाणारा आमच्या मोठीला हे हसत हसत म्हणायचा. साडेतीन वर्षांच्या पोरीला त्यातली गंमत कळत नाही, फक्त भीती कळते. ती पुन्हा अंथरूण ओलं करू लागली, बोबडं बोलू लागली, एकदा माझ्या पोटावर गुद्दा मारला. हे हट्टीपण नव्हे, या वयाची मुलं भीती अशीच दाखवतात. मारून-रागावून ते वाढतं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला सासूबाईंनी स्पष्ट सांगायला सुरुवात केली की तिला असलं काही बोलायचं नाही. सुनेने सांगितलं असतं तर राग आला असता, त्यांनी सांगितल्यावर कोणी काही बोललं नाही.

दुसरं काम नवऱ्याने केलं. सातवा लागल्यापासून मोठीची अंघोळ, भरवणं आणि रात्री झोपवणं त्याने घेतलं. पहिले काही दिवस रडारड झाली, मग ती त्याच्या कुशीत झोपू लागली. हे बाळ झाल्यावर सुरू केलं तर मुलाला वाटतं की बाळाने आई हिरावून घेतली. आधीच सुरू झालेलं असलं तर तसं वाटायला कारण उरत नाही. तिला कडेवर घेणं मी कमी केलं, पण बंद केलं नाही. खाली बसायचं आणि तिला मांडीवर ओढून घ्यायचं. आणि कळा सुरू झाल्या की मोठीजवळ कोण थांबणार, त्या एका माणसाचं नाव नवव्या महिन्याच्या आधी ठरलेलं हवं. आमच्याकडे माझी आई रोह्याहून येऊन राहिली.

आता बाळंतपणाची गोष्ट. रक्त कमी आणि गट निगेटिव्ह, म्हणून रक्तपेढी जिथे हाताशी आहे अशाच ठिकाणी बाळंत व्हायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. त्यामुळे अलिबाग ठरलं. तारीख गणपतीनंतरची होती. कळा सुरू झाल्या चतुर्थीच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी. पेणच्या रस्त्यांवर मूर्तींचे टेम्पो, महामार्गावर कोकणात निघालेला चाकरमानी, आणि वर पाऊस. पहिल्या वेळी कळा रात्रभर आणि दुसरा अर्धा दिवस चालल्या होत्या, त्यामुळे घरात कोणी घाई करेना. चहा घ्या, कपडे भरा, सकाळी निघू. माझ्या आईनेच विरोध केला. म्हणाली, "दुसरं लवकर येतं, गाडी काढा." वडखळपर्यंत आम्ही अक्षरशः सरकत होतो. अलिबागला पोचल्यावर कपडे बदलायलाही सवड मिळाली नाही, बाळ आलंच. ती मायलेकींची सुखरूप सुटका होती, पण गाडी तासभर उशिरा निघाली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून मला झोपू देत नाही.

गर्भाशयाचं तोंड एकदा उघडलेलं असतं, त्यामुळे दुसऱ्या वेळी कळांचा काळ बहुधा निम्म्यावर येतो. पहिल्या वेळचा हिशोब धरू नका. कळा नियमित झाल्या, पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर लगेच निघा. 108 ला फोन करा, गरोदर बाईसाठी 102 ही आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात 2011पासून मोफत आहे. पावसाळ्यात तारीख असेल तर रस्त्याचा विचार वेगळा करा. नागोठण्याला अंबा आणि रोह्याला कुंडलिका चढली की रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. रोह्याकडून येणाऱ्यांना भिसे खिंडीचा घाटही आहे. अशा वेळी शेवटचे आठ-दहा दिवस दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे जाऊन राहावं. माझ्या जावेसारखं पहिलं सिझेरियन असेल तर हे आणखी जरुरीचं आहे. दुसरं नॉर्मल होऊ शकतं, पुष्कळांचं होतं, पण जिथे क्षणात ऑपरेशन करता येईल अशाच जागी. जुन्या टाक्यांवर सतत दुखत असेल तर घरी वाट बघायची नाही.

आम्हाला दुसरीही मुलगी झाली. दवाखान्यात आलेल्या दोघी-तिघींनी तोंड पाडलं, एकीने तर आधी बघून का घेतलं नाही, असं विचारलं. हे लिहिताना आजही माझा हात थरथरतो. गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे. आपल्या महाराष्ट्राने देशात सगळ्यांच्या आधी, 1988 साली, त्याविरुद्ध कायदा केला आणि 1994 साली तो देशभर झाला. मुलगा की मुलगी हे पुरुषाकडून येणाऱ्या बीजावर ठरतं, बाईच्या हातात त्यातलं काही नसतं. "आता मुलगा होऊ दे" हे वाक्य गरोदर बाईच्या कानावर नऊ महिने पडत असेल, तर तिला झोप लागत नाही, जेवण जात नाही, आणि रक्ताचा आकडा मग गोळ्यांनीही चढत नाही. माझ्या सासऱ्यांनी त्या बायकांसमोरच पेढे वाटले.

दुसरी मुलगी झाली तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून 6000 रुपये मिळतात. नोंदणी गरोदरपणीच करून ठेवलेली बरी. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल आणि मुलगी 1 एप्रिल 2023 किंवा त्यानंतरची असेल, तर लेक लाडकी योजनेत जन्माला 5000 आणि पुढे टप्प्याटप्प्याने 18 वर्षांपर्यंत एकूण 1 लाख 1 हजार मिळतात. अंगणवाडीत विचारा, सेविका अर्ज भरून देतात.

आणखी मूल नको असेल तर ते बाळंतपणाआधीच नवरा-बायकोने बोलून ठेवावं. बाईचं ऑपरेशन हाच एक मार्ग आहे असं धरून चालतात, तिचं शरीर नुकतंच दोन बाळंतपणांतून आलेलं असतानाही. पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत होते, तो त्याच दिवशी घरी येतो. फक्त पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरावं लागतं आणि तपासणी करून खात्री करावी लागते. आमच्याकडे नवऱ्याने करून घेतली. कारखान्यातल्या माणसांना त्याने ते स्वतः सांगितलं, आणि मग आणखी एक जण गेला.

बाळंतपणानंतर दुसऱ्या वेळी तर घर अजूनच निर्धास्त होतं. पण पाजताना पोटात येणाऱ्या कळा दुसऱ्या खेपेला जास्त असतात, रक्तस्रावाकडेही जास्त लक्ष लागतं. तासाभरात पॅड भिजत असेल, ताप असेल, स्रावाला वास येत असेल तर काढ्यावर थांबू नका. शेक-शेगडीचा धूर बंद खोलीत नको, बाळाच्या छातीला तो सोसत नाही. आशाताई 42 दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्या आल्या की बाळाचं वजन करून झाल्यावर आपल्या हिमोग्लोबिनचं विचारा, आणि उरलेल्या 180 गोळ्या त्यांच्याकडून मागून घ्या. दूध पाजणाऱ्या बाईच्या गोळ्यांची आठवण घरात कोणाला राहत नाही, म्हणून आमच्याकडे त्या जेवणाच्या टेबलावर ठेवलेल्या असतात आणि रात्री ताट उचलताना नवरा विचारतो.