ट्रॅक्टरचा अल्टरनेटर वारंवार का जळतो ?

गळीत हंगाम सुरू झाला की करवीर, शिरोळ, हातकणंगले, पन्हाळा व कागल या तालुक्यांतील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रहदारी रात्रंदिवस चालू असते. अशा वेळी ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बंद पडला तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. तोडलेला ऊस फडात पडून वाळतो व वजनास घटतो, तोडणी टोळी बसून राहते, आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे मागील दिव्यांवाचून अंधारात उभी असलेली ट्रॉली पाठीमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतते.

एकदा जळालेला अल्टरनेटर दुरुस्त करून बसविला आणि तो महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा जळाला, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. मग दोष मिस्त्रीला अथवा सुट्या भागाला दिला जातो. वस्तुतः एकाच जागी दुसऱ्यांदा तोच भाग निकामी झाला, तर मूळ दोष बहुधा त्या भागाबाहेर असतो. रोपे मर लागून पुनःपुन्हा मरू लागली म्हणजे शहाणा शेतकरी केवळ नवी रोपे लावीत नाही. तो जमीन व निचरा तपासतो. तोच न्याय येथेही लागू आहे.

अल्टरनेटरचे कार्य

पूर्वीच्या ट्रॅक्टरांना डायनॅमो असे. इंजिन मंद चालत असता डायनॅमो फारच थोडी वीज देई. अल्टरनेटर मंद गतीतही त्याहून अधिक वीज देतो. त्यात निर्माण होणारा प्रवाह उलटसुलट दिशेने वाहणारा असतो. डायोड त्यास एकाच दिशेने वळवितात आणि कटाऊट, म्हणजे रेग्युलेटर, व्होल्टेज मर्यादेत ठेवतो. उष्णता व व्होल्टेजचा अचानक उसळणारा झटका हे डायोडचे दोन मोठे शत्रू होत.

जळालेला भाग आधी पाहावा

जुना अल्टरनेटर टाकून न देता मिस्त्रीकडून उघडून घ्यावा व कोणता भाग गेला हे समक्ष पाहावे.

१. तांब्याची सर्व वेटोळी सारखीच काळवंडली असतील, तर भार जास्त झाला किंवा हवा कमी पडली असे समजावे.
२. वेटोळ्यांचा काही भागच जळाला असेल, तर एखादा डायोड शॉर्ट झाल्याचा संशय घ्यावा.
३. वेटोळी स्वच्छ असून डायोड मात्र गेले असतील, तर व्होल्टेजचा झटका बसला असावा.
४. बेअरिंग गेले असेल, तर पट्टा फाजील ताणलेला आहे किंवा धूळ अथवा पाणी आत शिरले आहे.

तपासणीचा क्रम

प्रथम बॅटरी. इंजिन काही तास बंद ठेवून मल्टीमीटरने मोजल्यास पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ व्होल्ट म्हणजे ती निम्मीच भरली आहे. हायड्रोमीटर असल्यास प्रत्येक घर तपासावे. एखाद्या घराचे माप इतरांपेक्षा बरेच कमी आले, तर बॅटरी निकामी समजावी. अशी बॅटरी कधीच पुरती भरत नाही, आणि तिला भरण्याच्या खटपटीत नवा अल्टरनेटर तासन् तास पूर्ण भाराने तापत राहतो. धक्का मारून ट्रॅक्टर चालू करणे व मग अल्टरनेटरकडूनच मेलेली बॅटरी भरून घेणे, ही सवय सोडावी. बॅटरी आधी बाहेर चार्ज करून घ्यावी.

दुसरे, चार्जिंग. इंजिन मध्यम गतीत ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. १५ च्या वर गेल्यास कटाऊट सदोष आहे.

तिसरे, तारा व अर्थिंग. सर्व दिवे लावून अल्टरनेटरच्या मुख्य टोकापासून बॅटरीच्या धन टोकापर्यंत मोजावे; फरक सुमारे ०.३ व्होल्टपेक्षा अधिक नसावा. अल्टरनेटरच्या अंगापासून ऋण टोकापर्यंत तो ०.२ च्या आत असावा. अधिक आल्यास जोड सैल अथवा गंजलेला आहे. खडबडीत पाणंदीतून जाताना सैल जोड क्षणभर सुटला तरी झटका उसळून डायोड जातो.

चौथे, पट्टा. दोन चाकांच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास तो साधारण १० ते १२ मिलिमीटर दबावा. अचूक माप उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहावे.

पाचवे, भाराचा हिशेब. समजा अल्टरनेटर ३६ अँपिअरचा आहे. १४ व्होल्टला त्याची कमाल शक्ती ५०४ वॅट होते. पुढील दोन दिवे ११० वॅट, जादा लावलेले चार दिवे २२० वॅट, ट्रॉल्यांचे दिवे ४० वॅट व गाण्यांचे यंत्र २०० वॅट धरले, तर बेरीज ५७० वॅट होते. बॅटरीचा वाटा अद्याप निराळाच आहे ! त्यातही कारखान्याच्या काट्यावरील रांगेत इंजिन मंद चालू असता अल्टरनेटर क्षमतेच्या जेमतेम निम्मी, कधी त्याहूनही कमी, वीज देतो आणि त्याचा पंखाही मंद फिरतो. रात्रभर रांगेत दिवे व गाणी चालू ठेवण्यात अनेक अल्टरनेटरांचे मरण दडलेले असते. रांगेत जादा दिवे व गाणी बंद ठेवावीत. मागील लाल दिवे मात्र चालूच असावेत.

वेल्डिंग व महापूर

ट्रॅक्टरवर किंवा त्यास जोडलेल्या ट्रॉलीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची दोन्ही टोके व अल्टरनेटरच्या तारा सोडवाव्यात. इंजिन चालू असता बॅटरी कधीही सोडवू नये. २०१९ व २०२१ च्या महापुरांसारखे पुराचे पाणी यंत्रावरून गेले असेल, तर इंजिन चालू करण्यापूर्वी अल्टरनेटर उघडून गाळ काढावा, पूर्ण वाळवावा व बेअरिंग तपासावे. आत वाळलेला गाळ पुढे ऐन हंगामात नडतो.

सावधगिरी व नोंद

काम करताना बॅटरीचे ऋण टोक प्रथम सोडवावे व शेवटी जोडावे. जवळ विडी-काडी ओढू नये, कारण बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. पट्ट्याजवळ उपरणे अथवा सैल कपडा नसावा.

प्रत्येक दुरुस्तीची तारीख, जळालेला भाग, इंजिनाचे तास आणि मोजलेले व्होल्ट एका वहीत लिहून ठेवावेत. दुसऱ्या वेळी तोच भाग गेला, तर ही वही मिस्त्रीपुढे ठेवावी. हंगामापूर्वी एक दिवस या तपासणीस दिला, तर ऐन गळितात रात्री रस्त्यावर अंधारात उभे राहण्याचा प्रसंग बहुतांशी टळेल.