आत जायचं का, सर? : कलासंग्रहालय आणि तिथले लोकांसाठीचे कार्यक्रम



इतिहासाची साधने शिकवताना 'जवळच्या संग्रहालयाला भेट द्या' असा एक उपक्रम हमखास येतो. आमच्या उमरीत तो आला की मी काय करायचो, खरं सांगू? "हे वाचून घ्या, पुढं चला" म्हणायचो. जवळचं म्हणजे कुठलं? संग्रहालय म्हणलं की लेकरांच्या डोळ्यापुढं एकच चित्र असतं, काचेच्या पेटीत जुनी तलवार आणि बाजूला 'हात लावू नये' ही पाटी. आजच्या चित्रकारांचं काम दाखवणारं संग्रहालय असतं, आणि तिथं तुमच्या-आमच्यासाठी मुद्दाम कार्यक्रम ठेवलेले असतात, हे मलाही तिशी गाठेपर्यंत नीट माहीत नव्हतं.

त्याचं कारणही सांगतो. डी.एड.ला असताना आमची मुंबईची सहल गेली होती. काळा घोडा भागात फिरताना एका कलादालनाच्या दारात आम्ही पाच-सहा जण थांबलो. आत थंडगार हवा, पांढऱ्या भिंती, इंग्रजी बोलणारी माणसं. दारावरच्या वॉचमननं अडवलं नाही, पण 'या' असंही म्हणलं नाही. आम्ही एकमेकांकडं बघितलं, चपलांकडं बघितलं आणि समोर जाऊन वडापाव खाल्ला. तिकीट होतं का, किती होतं, हे विचारायचंसुद्धा सुचलं नाही. आपण इथले नाही, हे आम्हीच ठरवून टाकलं.

आजचा पाठ त्या दाराबद्दल आहे. ते दार उघडण्यासाठी संग्रहालयं काय करतात, आणि त्यातलं आपल्या शाळेत काय करता येतं, ते बघू.

उदाहरण घेऊ मुंबईच्या भायखळ्यातल्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं. राणीची बाग तुम्हाला माहीत असते, वाघ आणि पेंग्विन बघायला सगळा महाराष्ट्र तिथं जातो. त्या बागेला लागूनच हे संग्रहालय आहे. स्थापना १८५७ सालची. आजची इमारत २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुली झाली. तेव्हा नाव होतं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. ही इमारत उभी राहावी म्हणून ज्यांनी पुढाकार घेतला, लोकांकडून वर्गणी गोळा केली, त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट ही दोन मोठी नावं. हो, वर्गणीच! आपण गणपतीला गोळा करतो तशी. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, गरिबांवर उपचार करणारे आणि संस्कृतचे अभ्यासक. १९७५ साली संग्रहालयाला त्यांचं नाव दिलं गेलं.

पुढं इमारतीची रया गेली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, इन्टॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, दुरुस्तीचं मोठं काम निघालं. त्या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला आणि २००८ च्या सुरुवातीला दारं पुन्हा उघडली.

खरी गंमत इथून पुढं आहे. संग्रहालय जुनं, वस्तूही जुन्या. मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत, त्यांत कोण कोणता धंदा करी, कोण कसं पागोटं बांधी, हे दिसतं. जुन्या मुंबईचे नकाशे आहेत. बाहेर दगडी हत्ती आहे, घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हणलं. इंग्रजांनी १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना हत्ती पडून फुटला, आणि पुढं १९१४ च्या सुमारास तुकडे जोडून पुन्हा उभा केला. (ही गोष्ट वर्गात सांगून बघा, पुढचा अर्धा तास पोरं हत्तीवरच बोलतात.) तर अशा जुन्या वस्तूंच्या शेजारी आजच्या कलावंतांना बोलवायचं आणि सांगायचं, की हे बघा, आणि याच्याशी बोलेल असं काहीतरी नवं करा, असं या संग्रहालयानं ठरवलं. २०१० मध्ये सुदर्शन शेट्टी, २०११ मध्ये जितीश कल्लाट, अशी प्रदर्शनं तिथं होत गेली.

मला सगळ्यात आवडलेलं काम २०१३ चं, रीना सैनी कल्लाट यांचं. त्यांनी इमारतीच्या दर्शनी भागावर कोळ्याचं भलंमोठं जाळं लटकवलं. जाळं कशाचं? रबरी शिक्क्यांचं! ऑफिसात साहेब कागदावर मारतात ना, तसले शिक्के. त्या शिक्क्यांवर मुंबईतल्या रस्त्यांची इंग्रजांच्या काळातली, आता बदललेली नावं होती. आता विचार करा. हे काम बघायला आत जायची गरजच नव्हती, रस्त्यावरच्या माणसालाही ते दिसायचं. आणि प्रत्येकाकडं त्यावर बोलायला काहीतरी असणारच. "आमचा रस्ता पूर्वी अमक्या नावानं ओळखायचे" हे सांगायला कलेचं शिक्षण लागत नाही.

समकालीन कला म्हणजे काय, असं मुलं विचारतात. मी एवढंच सांगतो, आपल्या काळातला माणूस आपल्या काळाबद्दल जे करून दाखवतो ती. ती कळायला अवघड जाते हे खरंय. शिक्क्यांचं जाळं बघून 'ह्यात काय कला?' असं कुणीही म्हणेल. म्हणूनच नुसतं प्रदर्शन लावून भागत नाही, सोबत कार्यक्रम ठेवावे लागतात. या संग्रहालयात माहिती सांगत फिरवणाऱ्या फेऱ्या होतात, इंग्रजीसोबत मराठी-हिंदीतही. कलावंत स्वतः येऊन आपल्या कामाबद्दल बोलतात. मुलांच्या कार्यशाळा होतात. मागच्या अंगणात व्याख्यानं, सिनेमे, नाटकं, गाणी होतात. मोठ्यांसाठी आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासाचा अभ्यासक्रमही चालवला जातो.

अशा एका मराठी फेरीत मी फिरलोय. फिरवणारी मुलगी जेमतेम पंचविशीची असेल. मातीच्या मूर्तींपुढं थांबून तिनं माहिती सांगायला सुरुवातच केली नाही. आधी विचारलं, "तुम्हाला काय दिसतंय?" आमच्यात एक आजोबा होते, ते म्हणाले, "ह्या बाईनं टोपली चुकीच्या हातात धरलीय." सगळे हसले. ती मात्र हसली नाही. "का हो, चुकीच्या कशी?" असं तिनं विचारलं, आणि मग पाच मिनिटं ते आजोबाच आम्हाला शिकवत होते. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सतरा-अठरा वर्षांपूर्वी त्या कलादालनाच्या दारातून का परत फिरलो. 'तुम्हाला काय दिसतंय' असं विचारणारं तिथं कुणी नव्हतं.

इतर ठिकाणीही असे प्रयत्न चालतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानं २०१५ पासून बसमध्येच प्रदर्शन मांडून ती बस शाळांपर्यंत न्यायला सुरुवात केली. काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भर रस्त्यावर भरतो, तिथं दारच नाही. केरळात कोची-मुझिरिस बिएनाले २०१२ मध्ये सुरू झालं, त्यातही मुलांसाठी वेगळा उपक्रम आहे. आणि सगळं काही मोठ्या शहरातच होतं असंही नाही. आपल्या मराठवाड्यात, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, रामलिंगप्पा लामतुरे या गावातल्याच माणसानं सापडतील त्या जुन्या वस्तू जपल्या, त्यातून आज तिथं सरकारी संग्रहालय उभं आहे. लातूर-नांदेडच्या शिक्षकांना सहलीसाठी तेर जवळचं पडतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

एक तक्रारही करतो. शहरातल्या बहुतेक कलादालनांची निमंत्रणं अजूनही इंग्रजीतच असतात. मराठी फेरी ठेवली तरी ती आहे हे मराठीत कळवलं नाही, तर ज्याच्यासाठी ठेवली तो येणार कसा?

आता आपल्या गावाकडं येऊ. चित्रकार अतुल डोडिया यांनी भाऊ दाजी लाड संग्रहालयातच २०१४-१५ मध्ये एक प्रदर्शन केलं, त्याचं नाव होतं '७००० म्युझियम्स'. भारतभर गावोगावी संग्रहालयं असतील तर कशी दिसतील, अशी ती कल्पना. २०११ च्या जनगणनेत देशात ७,९३५ शहरं मोजली आहेत, आणि नगरपरिषद असलेली आमची लहानशी उमरीसुद्धा त्याच हिशोबातली. मग आमचं संग्रहालय कुठाय? हा प्रश्न मी पाचवीच्या वर्गाला विचारला आणि फसलो, कारण पोरांनी तो मनावर घेतला.

आम्ही एका शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात संग्रहालय भरवलं. घराघरातून वस्तू आल्या. कंदील, पितळी तांब्या, खलबत्ता, निजामाच्या काळातली हाली नाणी, धान्य मोजायची पायली आणि अधोली. जानेवारी १९४८ मधल्या उमरी बँकेच्या लुटीची गोष्ट (हैदराबाद मुक्तिसंग्रामात कार्यकर्त्यांनी इथल्या बँकेतली रक्कम लढ्यासाठी नेली ती) मुलांनी मोठ्या कागदावर चित्रांतून काढली. मी काय केलं असेल? प्रत्येक वस्तूपुढं सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली आणि मधोमध पाटी ठेवली, 'हात लावू नये'. सवय, दुसरं काय.

पहिला तासभर पालक यायचे, दोन मिनिटं उभं राहायचे, "छान हाय" म्हणायचे आणि जायचे. एका मुलीची आजी तर फाटकाशीच थांबली. आत या म्हणलं तर म्हणाली, "मला काय वाचाया येतंय गुरुजी, तुम्ही दाखवा लेकरांना." मला ते कलादालनाचं दार आठवलं. आता त्या दारात मी होतो.

पाटी उचलून कपाटात टाकली. मुलांना म्हणलं, चिठ्ठ्या राहू द्या, येणाऱ्याला विचारा, तुम्हाला काय दिसतंय. ती नात धावत गेली आणि अधोली आजीच्या हातातच दिली. आजीनं ती उलटी करून बुडाला बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही खोटी हाय. बूड वर घेतलंय. सावकाराची आसंल." मग माप कसं मारतात, पायलीच्या निम्मी अधोली असली तरी भरताना हात कसा ठेवला की धान्य कमी बसतं, सुगीला मापाच्या वेळी तिची आई का भांडायची, हे सगळं निघालं. आमच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'अधोली : धान्य मोजण्याचे जुने माप.' एवढंच. गणिताच्या तासाला मी मापनावर जेवढं शिकवलं असेल, त्याहून जास्त त्या पंधरा मिनिटांत झालं.

दुपारी आम्ही शिक्क्यांच्या जाळ्याची नक्कल केली. रबरी शिक्के कुठून आणणार? भेंडी आणि बटाटे कापून ठसे केले, आणि पांढऱ्या चिंध्यांवर ठशांशेजारी नावं लिहिली. मोठ्या माणसांना विचारून गोळा केलेली नावं. बुजवलेल्या विहिरींची, तोडलेल्या झाडांची, आता प्लॉट पडलेल्या शेतांची. एकूण ४३ नावं निघाली. सुतळीनं बांधून ती व्हरांड्याच्या खांबांना ताणली. एका विहिरीच्या नावावरून दोन आजोबांचं चांगलंच जुंपलं, शेवटी दोन्ही नावं लावली. एका मुलानं विचारलं, "सर, ही कला हाय का?" मी म्हणालो, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "भांडणं लागली म्हणजे असंल." त्याच्या या उत्तरावर मी अजून विचार करतोय.

तुम्ही करणार असाल तर दोन-तीन गोष्टी ध्यानात असू द्या. वस्तू कुणाची आहे ते वहीत लिहून सही घ्या, आमचा एक तांब्या दोन दिवस सापडत नव्हता आणि माझी झोप उडाली होती. वेळ बाजाराच्या दिवशी ठेवू नका. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना निरोप तोंडी द्या, मुलाला घरी जाऊन बोलवायला सांगा. आणि मुलांना चार प्रश्न पाठ करून द्या : काय दिसतंय, हे कोण वापरायचं, आता का वापरत नाहीत, तुम्हाला काय आठवतं. उत्तरं मध्येच थांबवू नका, दुरुस्त तर अजिबात करू नका.

मुंबईची सहल काढणार असाल तर आमच्याकडून संध्याकाळी देवगिरीत बसलं की सकाळी मुंबई. दादरला उतरून स्लो लोकलनं भायखळा, तिथून पूर्वेला चालत दहा-पंधरा मिनिटांत राणीची बाग. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, तो वार टाळा. महिनाभर आधी मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र पाठवा आणि त्यात स्पष्ट लिहा, की मुलांसाठी मराठीतून फेरी हवी आहे, आणि मुलांची संख्याही लिहा. मागितली नाही तर मिळणार नाही. वाघ आधी बघायचा की संग्रहालय, यावर मुलं भांडतील. संग्रहालय आधी बघा, वाघानंतर कुणाचं लक्ष लागत नाही.