वास गेला म्हणून खाली उतरू नका

"डोळे आलेत डॉक्टर, थेंब द्या," म्हणत पस्तिशीचा एक गडी दवाखान्यात आला. डोळे लालबुंद, उजेडाकडे बघवत नव्हतं, डोकं ठणकत होतं. पण डोळ्यांना चिकटा नाही आणि घरात दुसऱ्या कुणाला त्रासही नाही. सकाळपासून काय काय केलं ते खोदून विचारलं, तेव्हा हळूहळू निघालं. तो जिथे कामाला आहे त्या हॉटेलमागचा सेप्टिक टँक तुंबला होता आणि झाकण काढून हा दोन पायऱ्या आत उतरला होता. चक्कर आली, वरच्या पोराने दंडाला धरून ओढलं, म्हणून वाचला. "वास नाही आला का रे?" "आधी लई येत होता. मग येईना झाला. म्हटलं, गॅस उडून गेला."

वायू होता तिथेच होता. बंद पडलं होतं ते याचं नाक.

हा गैरसमज मी इतक्या तोंडांनी ऐकला आहे की आता चीड येते. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एक भागही नसतो, तेव्हाच आपल्या नाकाला तो कळतो. इथपर्यंत नाक इमानदार. पण प्रमाण शंभर-दीडशे भागांपर्यंत गेलं की वास घेणाऱ्या नसाच बधिर होतात, तेही काही मिनिटांत. म्हणजे धोका वाढतो तसा वास नाहीसा होतो. पाचशेच्या पुढे डोकं गरगरतं, तोल जातो. हजाराच्या आसपास एक-दोन श्वासांत माणूस उभ्या उभ्या कोसळतो. शेवटच्या क्षणी त्याला वास आलेला नसतो, म्हणून तो ओरडतही नाही.

त्यावर आमचे शहाणे लोक उपाय सांगतात : कंदील सोडून बघा, विझला नाही तर खुशाल उतरा. कंदील फार तर प्राणवायू कमी आहे का ते सांगेल. इथे प्राणवायू पुरेसा असताना माणूस मरतो. शिवाय हा वायू स्वतः पेट घेतो, त्याच्या सोबतीला मिथेन असतो, आणि तुम्ही त्यात जळती वात सोडता! काडीपेटी खिशात ठेवा आणि ती परीक्षा कायमची विसरा. हवेपेक्षा जड असल्यामुळे हा वायू तळाशी साचतो, गाळात अडकून राहतो आणि काठीने ढवळलं की एकदम वर येतो. "सकाळी झाकण उघडून ठेवलं होतं की," हे वाक्य म्हणूनच कुचकामाचं. सेप्टिक टँक, गटाराचं चेंबर, गोबरगॅसच्या स्लरीची टाकी, साखर कारखान्याच्या सांडपाण्याचे हौद, बोटीतला मासळी साठवायचा खण, हे सगळे त्याचे अड्डे.

डोळ्यांची गोष्ट जुनी आहे. इटलीतल्या मोडेना गावी रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. कामगारांच्या आजारांवरचं त्यांचं पुस्तक १७०० साली निघालं. स्वतःच्या घरचा शौचखड्डा उपसणाऱ्या माणसाची घाई त्यांना दिसली, त्यांनी विचारपूस केली आणि या लोकांचे डोळे कसे सुजतात, दुखतात, पुढे अंधत्वही येतं, ते लिहून ठेवलं. या कामगारांच्या खिशातली नाणी काळी पडतात, हेही नोंदवलं. तीनशे वर्षं उलटली आणि माझ्यासमोर तेच डोळे, थेंब मागत.

एका श्वासात माणूस का पडतो? आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारके अवयव असतात. अन्नातली ऊर्जा प्राणवायूच्या मदतीने ते मोकळी करतात. या साखळीच्या अगदी शेवटी जे विकर प्राणवायू वापरतं, त्यालाच हा वायू जाऊन चिकटतो. सायनाइड जिथे घाव घालतं तीच जागा. रक्तात प्राणवायू भरपूर, पण पेशीला तो वापरताच येत नाही. मेंदूला हे क्षणभरही सोसत नाही.

आता याच वायूची दुसरी बाजू, कारण हल्ली ती मोबाइलवरून माझ्या दवाखान्यात पोचली आहे. हा वायू आपल्या शरीरातही तयार होतो, अगदी लेशमात्र. सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लापासून आपलीच विकरं तो बनवतात. तो मेंदूत संदेशवाहकासारखं काम करत असावा, असं १९९६ साली आबे आणि किमुरा या संशोधकांनी दाखवलं. २००८ मध्ये कॅनडातले रुई वांग आणि सहकाऱ्यांनी, हा वायू बनवणारं एक विकर नसलेल्या उंदरांचा रक्तदाब वाढतो, हे सिद्ध केलं. रक्तवाहिन्या सैल ठेवायला तो हातभार लावतो. एवढंच नाही, थोड्या प्रमाणात मायटोकॉन्ड्रिया त्याला चक्क इंधन म्हणून जाळतात. चुलीत एकेक काडी सरकवली की जाळ धरतो, सगळी मोळी एकदम कोंबली की चूल विझते. पेशीतही तसंच घडतं.

हे संशोधन सुंदर आहे. आणि त्याचं सोशल मीडियावर जे झालं ते भयंकर आहे. "लसणातून तरुण ठेवणारा वायू मिळतो, बीपीच्या गोळ्या फेका!" मूळ धागा खोटा नाही. २००७ साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या संशोधकांनी, लसणातल्या गंधकयुक्त घटकांपासून तांबड्या पेशी हा वायू तयार करतात, हे प्रयोगशाळेत दाखवलं. पण तिथून गोळ्या फेकण्यापर्यंत उडी मारायला डॉक्टर लागत नाही, फॉरवर्ड करणारा अंगठा पुरतो. साठीच्या एक काकू रोज उपाशीपोटी कच्च्या लसणाच्या पाकळ्या चावून खात होत्या आणि गोळी बंद करून बसल्या होत्या. डोकं जड होतं म्हणून आल्या तर रक्तदाब १९० वर ११०, शिवाय पोटात आग. "काकू, अर्धांग झाला असता," म्हटल्यावर त्या माझ्यावरच रागावल्या, की गोळ्यांनी किडनी जाते म्हणतात. गोळ्यांनी नाही हो, वर्षानुवर्षं चढलेल्या रक्तदाबाने जाते.

फोडणीत, चटणीत, ठेच्यात लसूण जरूर खा, मीही खातो. पण हा वायू पुरवणारं म्हणून मान्यता मिळालेलं हृदयाचं एकही औषध आज नाही, हे ध्यानात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने घेऊ नका, आणि शस्त्रक्रियेआधी त्याबद्दल सर्जनला सांगाच. गंधकाच्या कुंडात अंघोळ करून सांधे हलके वाटत असतील तर करा. वज्रेश्वरीला लोक पिढ्यानपिढ्या जातात. मात्र ते पाणी बाटलीत भरून "पेशींसाठी" पीत बसू नका.

चांगलं असेल तर जास्त घेतलं तर आणखी चांगलं, हा हिशेब इथे साफ चुकतो. आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी हाच वायू नेहमीपेक्षा जास्त बनवतात आणि त्यावर पोसल्या जातात, असं दिसून आलं आहे. एका दुर्मीळ जन्मजात आजारात शरीराला हा वायू निकामी करता येत नाही आणि तान्ह्या बाळाचा मेंदू पोळतो. २००५ साली सिएटलमध्ये उंदरांना हवेतून ८० भाग वायू दिला तेव्हा ते जवळजवळ शीतनिद्रेत गेले. केवढी चर्चा झाली त्याची! पुढे मेंढ्यांवर तसं काही घडलं नाही. उंदरावरून माणसाकडे यायला बराच वेळ लागतो.

आणि एक शंका, जी लाजत लाजत विचारली जाते. अंडी, कांदा, कोबी खाल्ल्यावर वारा घाण सुटतो, म्हणजे पोटात विष झालं का? नाही. आतड्यातले जीवाणू हा वायू बनवतात आणि आतड्याचं अस्तर तो तिथल्या तिथे जाळून टाकतं. "डिटॉक्स" चूर्णावर पैसे उधळू नका. शौचात रक्त पडत असेल, वजन आपोआप उतरत असेल किंवा जुलाब आठवडेच्या आठवडे टिकले असतील, तर मात्र वासाचा विचार सोडा आणि तपासणीला या. तोंडाला सतत दुर्गंधी येत असेल तर पोटाआधी हिरड्या दाखवा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

आता पुन्हा टाकीकडे, कारण जीव तिथे जातात. टाकीजवळ डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, डोकं दुखणं, मळमळ, पाय लटपटणं यातलं काहीही झालं तर तिथून निघा, वाऱ्याच्या उलट दिशेला. येत असलेला वास एकदम थांबला तर अधिक वेगाने निघा. आत कुणी पडला तर त्याच्यामागे उतरू नका. मला माहीत आहे, आत भाऊ असतो, मुलगा असतो, पाय थांबत नाहीत. पण एकामागून एक चार-चार माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचता, त्यात पहिला सोडला तर बाकीचे वाचवायलाच उतरलेले असतात. तोंडाला ओला रुमाल बांधून काहीही साधत नाही. १०१ वर अग्निशमन दल आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. माणूस मोकळ्या हवेत आणल्यावर श्वास नसेल तर छाती दाबत राहा, तोंडाने श्वास देऊ नका. शुद्धीवर येऊन तो "मी बरा आहे" म्हणाला तरी घरी नेऊ नका, फुफ्फुसात पाणी काही तासांनंतरही भरू शकतं. प्राणवायू आणि देखरेख, हाच मुख्य उपचार आहे. कांदा हुंगवणं, लिंबू पाजणं यात वेळ घालवू नका.

माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी सोसायटीचे सेक्रेटरी मला विचारतात, गाडीवाला जास्त पैसे मागतो, दोन माणसं घेऊन काम होईल ना? नाही होणार. मैला उपसणारी सक्शनची गाडीच बोलवा, आणि ती येईपर्यंत झाकण बंद ठेवून त्यावर काहीतरी जड ठेवा. पोरं तिथे खेळत असतात.