किल्लीसोबतचे कानमंत्र

पोरी, तंजावरच्या घराची किल्ली तुझ्या हाती देतेय. व्यंकोजीराजांच्या मागून मराठी माणसं इथे आली त्याला साडेतीनशे वर्षं होत आली. आपल्या बोलण्यात तमिळ मिसळलं, पण पाहुणा आला की आधी जमीन पुसायची खोड गेली नाही. माजघरात तुझ्या पणजोबांच्या वेळची लाल सिमेंटची जमीन आहे, ओसरीवर आत्तंगुडीच्या फरश्या. दोघी देखण्या, आणि पाण्याच्या बाबतीत हळव्या. माझ्या चुका तू पुन्हा करू नकोस, स्वतःच्या नव्या शोध.

१. धुणं झालं की वॉशिंग मशीनचा नळ बंद कर — नाहीतर नळीवर रात्रंदिवस गच्चीच्या टाकीचा दाब राहतो, आणि फुटताना ती मुहूर्त बघत नाही.

२. ती नळी चार-पाच वर्षांनी बदल, फुगवटा दिसला तर त्याच दिवशी — नळीत वाचवलं ते फरशीत गेलं.

३. मशीन चारही पायांवर सारखं टेकलंय ना, बघ — नाहीतर पिळताना ते आपल्या तंजावरी बाहुलीसारखं डोलतं. बाहुली डोलली तर पाहुणे हसतात, मशीन डोललं की सांधे ढिले होतात.

४. गावाला जाताना पाण्याच्या फिल्टरचाही नळ बंद कर — मी केला नव्हता. कुंभकोणमला लग्नाला दोन रात्री राहिले, इकडे त्याची करंगळीपेक्षा बारीक नळी सांध्यातून सुटली. परतले तर माजघरात कावेरी! पुसली, वाळवली, सुटले म्हटलं. आठवड्याने लाल जमिनीवर मिठासारखा पांढरा थर फुलला. आत मुरलेलं पाणी वर येताना क्षार घेऊन येतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

५. तसा थर आला तर कोरड्या ब्रशने झाड, ॲसिडला हात लावू नकोस — ॲसिड सिमेंटच खातं. आत्तंगुडीची फरशी तर भट्टी बघतच नाही; काचेवर रंगीत सिमेंट ओततात, पाण्यात मुरवतात, वाळवतात, आणि तिची चकाकी त्या काचेचीच. तिला ओलं फडकं, मग कोरडं, आणि मधूनमधून खोबरेलाचा हात पुरे.

६. फ्रिजमध्ये भाजीच्या खणाखाली पाणी दिसलं की आतल्या मागच्या भिंतीतलं छोटं भोक कोमट पाण्याने मोकळं कर — ते तुंबलं की पाणी मागच्या ताटलीत न जाता तुझ्या पायाशी येतं.

७. एसीची नळी बाहेरच्या बाजूला उतरती हवी, उन्हाळ्याआधी तिच्यातलं शेवाळ काढून घे — दमट हवेत एसी बादलीभर पाणी काढतो, आणि वाट मिळाली नाही तर ते भिंतीवरून खाली उतरतं.

८. अश्विन-कार्तिकातल्या आपल्या मोठ्या पावसात जमीन ओलसर वाटली तर लगेच मशीनला दोष देऊ नकोस. प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी जमिनीला चिकटव, दोन दिवसांनी बघ — दव खालच्या बाजूला धरलं तर ओल जमिनीतून येतेय, वरच्या बाजूला धरलं तर हवेतून.

९. खोलीत पाणी साचलेलं दिसलं तर पाय टाकू नकोस, आधी मेन स्विच — पाण्यात वीज उतरलेली डोळ्यांना दिसत नाही. इथे चेष्टा नाही हं.

१०. रोज सकाळी दारात रांगोळीला वाकतेसच, आत येताना आणखी दोनदा वाक: मशीनखाली आणि सिंकखाली हात फिरव — थेंब दिसायच्या आधी बोटाला कळतो.

आणि हो, सगळ्या घराचं पाणी बंद करणारा नळ मागच्या विहिरीच्या कठड्याआड आहे. उजवीकडे फिरतो. जरा घट्ट आहे, दोन्ही हात लाव.