प्रथमोपचाराची पेटी

पुणे शहरात १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. तेव्हापासून आजतागायत कितीतरी खेड्यांतील मुले उच्च शिक्षणासाठी या शहराची वाट धरीत आली आहेत. मूल घर सोडून निघाले की आई लाडू-चिवड्याचा डबा बांधून देते, वडील पैशांची तजवीज करतात. परंतु वसतिगृहात रात्री बोट कापले किंवा ताप भरला, तर उशाशी आई नसते. म्हणून त्या सामानात प्रथमोपचाराची एक लहान पेटी असणे अगत्याचे आहे.

पेटी घट्ट झाकणाची असावी; पावसाळ्यातील दमट हवेने पट्ट्या खराब होतात. तीत निर्जंतुक गॉज, गुंडाळावयाची पट्टी, चिकटपट्टी, तिकोनी पट्टी, कात्री, चिमटा, तापमापक, साबणाची वडी, जंतुनाशक मलम, पॅरासिटामॉलच्या गोळ्या व जलसंजीवनीची पाकिटे ठेवावी. झाकणाच्या आत एक कागद चिकटवून त्यावर आपला रक्तगट, न सोसणारी औषधे, घरचा दूरध्वनी आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहावा.

वस्तूंपेक्षा त्यांच्या वापराचे ज्ञान अधिक मोलाचे असते. रक्त वाहत असल्यास जखमेवर स्वच्छ गॉज घट्ट दाबून धरावे. भाजल्यास तो भाग वीस मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. तूप, शाई किंवा दंतमंजन लावू नये. जुलाब झाल्यास जलसंजीवनीचे संपूर्ण पाकीट, त्यावर सांगितले असेल तितक्याच स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट प्यावे. त्यातील मीठ व साखर यांच्या योगाने आतड्यात पाणी शोषले जाते. पावसाळ्यातील ताप कदाचित डेंग्यूचा असेल, म्हणून डॉक्टरांना विचारल्याखेरीज ॲस्पिरिन अगर आयब्युप्रोफेन घेऊ नये. त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सर्वांत सावध राहावयाचे ते कुत्र्याच्या चाव्याविषयी. जखम लहान दिसली तरी ती साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना किंवा तिखट भरू नये. लागलीच रुग्णालयात जाऊन लस घ्यावी व ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्या. आलर्काची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही. वेळेवर घेतलेल्या उपचाराने मात्र तो रोग टळतो.

पेटी म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर भेटेपर्यंतचा वेळ सांभाळणे एवढेच तिचे काम. दर सहा महिन्यांनी औषधांची मुदत पाहावी व संपलेली वस्तू पुन्हा भरावी. आज चौथीच्या वर्गात बसलेले मूल उद्या पुण्यास जाईल. जखम धुण्याची सवय त्याला शाळेतच लागली, तर पेटी खऱ्या अर्थाने भरली असे समजावे.

स्वाध्याय

१. भाजलेल्या जागी तूप का लावू नये, याची वर्गात चर्चा करा.
२. शाळेतील पेटी उघडून मुदत संपलेल्या औषधांची यादी करा.
३. तिकोनी पट्टीने हात गळ्यात बांधून दाखवा.